पिपातली तंबाखू: डबीत सुगंध, पाईपमध्ये चटका

ठाण्याच्या एका गृहस्थांनी जे विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो. भावाने शिकागोहून पाईप तंबाखूची ५७ ग्रॅमची डबी आणली. डबीवर लिहिलंय की व्हर्जिनिया, बर्ली आणि पेरीक या तीन प्रकारच्या तंबाखूंचं हे मिश्रण राय व्हिस्कीच्या (राय नावाच्या धान्यापासून केलेल्या) रिकाम्या पिपात काही महिने ठेवलेलं आहे, आणि चवीत मनुका, व्हॅनिला, ओकचं लाकूड आणि मिरी सापडेल. डबी उघडली तेव्हा घरभर ख्रिसमसच्या केकसारखा वास सुटला. पेटवल्यावर पहिली दोन मिनिटं काहीतरी गोडसर लागलं, मग जळका कागद, आणि वीस मिनिटांत जीभ पोळली. सिगारेट सोडून पाईपवर आल्याला त्यांना आठ महिने झालेत. प्रश्न तीन आहेत. माझ्या जिभेतच खोट आहे का? डबीवर लिहिलेल्या थापा आहेत का? आणि वरून चमचाभर व्हिस्की शिंपडली तर चव परत येईल का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, नाहीतर वाचून होईपर्यंत तुम्ही बाटली उघडलेली असायची. शिंपडू नका. का ते पुढे येईलच.

माझ्याबद्दल दोन ओळी सांगतो, म्हणजे या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. जन्म निपाणीचा, घरासमोर तंबाखूची वखार. बिडीच्या तंबाखूचा उग्र वास आमच्या शाळेच्या दप्तरालाही यायचा. पुढे सत्तावीस वर्षं व्हर्जिनिया पानाची प्रतवारी केली, आधी गुंटूरकडे, मग म्हैसूरच्या बाजूला. प्रतवारी म्हणजे लिलावाआधी गठ्ठ्यात हात घालून पान ओढायचं, उजेडात धरायचं, बोटांत चुरगाळायचं, हुंगायचं आणि दहा सेकंदांत सांगायचं की हे कुठल्या ढिगात जाईल. पाईप तिशीत हाती आला. तेव्हा चवीचं मला कळतं ते बरंचसं नाकातून आणि बोटांतून आलेलं आहे, पुस्तकातून थोडं.

तुमचे प्रश्न तीन असले तरी मुळाशी एकच आहे: पिपाची चव पानात शिरली आहे, की पानावर बसली आहे? हे कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. आता यात तुमच्या डबीची तंबाखू किती ओली आहे, पाईप कुठला आहे, त्यात आधी काय ओढलंय, त्या दिवशी तुम्ही दुपारी काय जेवलात, यावर बरंच अवलंबून आहे. तुमची डबी माझ्या हातात नाही. त्यामुळे मी निदान करत नाही, कुठे बघायचं ते सांगतो.

मराठीत या कामाला नेमका शब्द आहे, मुरणं. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. मुरणं म्हणजे वास लागणं नव्हे. फ्रीजमध्ये कापलेल्या कांद्याशेजारी लोण्याची वाटी ठेवली तर लोण्याला कांद्याचा वास लागतो, पण लोण्यात कांदा मुरलेला नसतो. आणि लोण्यावर कांद्याचं पाणी शिंपडलं तर ती तिसरीच गोष्ट. डबीवर ‘पिपात मुरवलेली’ असं छापलेलं असतं तेव्हा या तिघांपैकी काहीही झालेलं असू शकतं. मुरलेली, वास लागलेली, किंवा शिंपडलेली. तुमच्या डबीत बहुधा तिन्ही आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी जाणवतात. तुम्ही त्यांना एकाच वेळी एकाच जिभेवर शोधताय.

आधी खरं मुरलेलं काय ते बघू, म्हणजे पेरीक. हे अमेरिकेत लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी सेंट जेम्स पॅरिश नावाच्या लहानशा भागात होतं. न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज या दोन शहरांच्या मधला हा पट्टा. चॉक्टॉ आणि चिकासॉ या तिथल्या मूळ जमाती पोकळ ओंडक्यात पानं दडपून ठेवायच्या, आणि १८२४च्या सुमारास पिएर शने नावाच्या शेतकऱ्याने ते पाहून त्याचा धंदा केला, असं तिथे सांगतात. पेरीक हे त्याचंच टोपणनाव होतं अशीही दंतकथा आहे.

माझी मुलगी ह्यूस्टनला असते. एका वर्षी तिच्याकडे गेलो असताना जावयाला गाडी काढायला लावून मी मुद्दाम तिकडे गेलो. आयुष्य पानात घालवलेल्या माणसाने तिथवर जाऊन ते न बघता परत यायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरून माघारी फिरण्यासारखं. एका शेडमध्ये व्हिस्कीची जुनी ओकची पिपं रांगेने उभी होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर लोखंडी स्क्रूचा जॅक. आपल्याकडे मोटार उचलायला वापरतात तसाच, फक्त इथे तो खाली दाबायला. आत काय असतं? वाळवलेल्या पानाला पाण्याने किंचित नरम करायचं, मधली शीर ओढून काढायची, पानांच्या पिळलेल्या जुड्या करायच्या, त्या पिपात ठासून भरायच्या आणि वर जॅक फिरवत जायचं. दाबामुळे पानाचा रस सुटतो, पान त्याच रसात बुडतं, हवा मिळत नाही. अशात यीस्ट आणि जिवाणू आपलं काम करतात. वर्षभरात निदान तीनदा पीप उघडून जुड्या वरखाली करतात, थोडी हवा दाखवतात आणि पुन्हा दाबून बंद करतात.

माझ्यासमोर एक पीप उघडलं. जॅक सैल केला तसं ते काळं पान हळूहळू फुगून वर आलं, कडेला वर आलेला रस खाली शोषला गेला, आणि वास आला. मी दोन पावलं मागे सरलो. आजीची चिंचेच्या गोळ्यांची बरणी, दादरा सोडल्यावर येणारा वास, त्यात थोडं शिरका, थोडं पावसाळ्यातलं कुजकं पान आणि मागून पिकलेल्या फळाचा गोडवा. तिथल्या माणसाने एक जुडी पिळून हातावर रस लावून दिला. संध्याकाळी साबणाने तीनदा हात धुऊनही बोटांना तो वास होता. जावई जेवताना काही बोलला नाही, पण खुर्ची लांब घेऊन बसला.

हे तपशिलात सांगितलं त्याला कारण आहे. तुमच्या डबीतला जो मनुका आणि मिरी, ते व्हिस्कीच्या पिपातून आलेलं नसून या पेरीकमधून आलेलं असणार. पेरीकच्या बाबतीत पीप हे फक्त भांडं आहे, आपल्या चिनी मातीच्या बरणीसारखं. काम केलं ते दाबाने, रसाने आणि वर्षभराच्या वेळाने. ही चव पानाच्या आत शिरलेली असते, त्यामुळे पेटवल्यावरही टिकते. मिश्रणात पेरीक थोडंच घालतात, मसाल्यासारखं, कारण नुसतं ओढणं बहुतेकांना झेपत नाही. आणि त्याची ‘मिरी’ ही जिभेची चव नाहीच. ती नाकाच्या मागच्या बाजूला जाणवणारी झणझण आहे. तुम्ही जिभेवर शोधलीत तर फक्त चटका मिळेल.

आता दुसरं, वास लागणं. अमेरिकेत बर्बन (मुख्यतः मक्याची) आणि राय व्हिस्कीला कायद्याने नवीन, आतून जाळून कोळसा केलेलं ओकचं पीप लागतं. म्हणजे एकदा भरून रिकामं झालेलं पीप पुन्हा त्या व्हिस्कीला चालत नाही. साधारण २०० लिटरची ही पिपं मग स्कॉटलंडला जातात, रममध्ये जातात, तिखट सॉस आणि मेपल सिरपवाल्यांकडे जातात, आणि काही तंबाखूवाल्यांकडे. रिकाम्या पिपाच्या लाकडात व्हिस्की शोषलेली राहतेच. शिवाय आत जाळल्यामुळे लाकूड घट्ट धरून ठेवणाऱ्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, तयार झालेलं असतं, लाकडातल्या साखरा जळून कॅरमेलसारखा वास आलेला असतो, आणि ओकचा स्वतःचा खोबऱ्यासारखा वास देणारे घटक असतात. तंबाखू आत ठेवली की हे सगळं वाफेच्या रूपाने तिला लागतं.

तंबाखू वास फार लवकर धरते. आमच्याकडच्या वखारीत रॉकेलचा डबा आत आणला म्हणून हमालावर मालक ओरडलेला मी लहानपणी पाहिलाय. प्रतवारीच्या खोलीत आम्ही अत्तर, हेअर ऑइल काही लावून जात नव्हतो. यातही पान-पानात फरक आहे. बर्ली पान हवेवर सावलीत वाळवतात, त्यात साखर जवळजवळ उरत नाही आणि अंग सच्छिद्र, त्यामुळे ते टिपकागदासारखं शोषतं. व्हर्जिनिया भट्टीच्या उष्णतेवर पिवळं करतात, त्यात स्वतःची साखर भरपूर. ती पिपाचा वास तितका घेत नाही, पण डबीत बंद राहून वर्षानुवर्षं स्वतःच खुलत जाते. म्हणून पिपाचं काम बघायचं असेल तर तुमच्या मिश्रणातल्या तपकिरी, मऊ पात्या बघा. ती बहुधा बर्ली असणार.

(जाता जाता: पीप हा आपला शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलाय आणि तंबाखू ‘तबाको’वरून. दोघेही आपल्या किनाऱ्याला त्यांच्याबरोबर लागले, आणि आता शिकागोहून एकत्र एका डबीत परत आलेत.)

तिसरं शिंपडणं. मिश्रण तयार झाल्यावर शेवटी त्यावर अर्क, मद्य किंवा सिरप फवारतात. हे फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, हा या धंद्यातला जुना, राजरोस प्रकार आहे. पण डबी उघडताना ‘घरभर केक’ असा जो वास आला, त्यात फवाऱ्याचा मोठा वाटा असतो. पिपात राहून लागलेला वास इतका ओरडत नाही.

आता तुमची दोन मिनिटं कुठे गेली ते बघा. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. पाईपमधला निखारा त्याच्या कितीतरी पट तापतो, आणि निखाऱ्याच्या खालचं पान तिथवर पोचण्याआधीच तापत असतं. म्हणजे जे हलकं, उडून जाणारं आहे ते निखारा येण्याआधीच उडतं. फवाऱ्याचा वास पहिल्या पाच मिनिटांत संपणार, हा त्याचा धर्मच आहे. पिपाच्या लाकडाचा अंश थोडा जास्त टिकतो. आणि पेरीक शेवटपर्यंत राहतं, उलट बाउलच्या, म्हणजे पाईपच्या तंबाखू भरायच्या वाटीच्या, खालच्या अर्ध्यात जास्त ठळक होतं. तुम्ही वीस मिनिटांत संपवताय, तेही पहिल्या दोन मिनिटांतला वास परत येईल या आशेने जोरात ओढत. जितकं जोरात ओढाल तितका निखारा तापेल, तितकं सगळं जळेल, आणि तुम्हाला मिळेल जळका कागद आणि गरम वाफ.

वाफ म्हटलं, आणि इथे तुमच्या पोळलेल्या जिभेचं मुख्य कारण आहे. डबीतली तंबाखू बहुतेक वेळा ओढण्यासाठी हवी त्याहून ओली असते. ओढायला पानात १२ ते १४ टक्के ओल पुरे. डबीत ती बरीच जास्त असते, वास धरून राहावा म्हणून आणि वाहतुकीत पान चुरा होऊ नये म्हणून. ओलं पान पेटत नाही, म्हणून तुम्ही ओढता, ओलीची वाफ होते, ती जिभेवर येते. इडलीपात्राचं झाकण उघडून तोंड पुढे धरल्यासारखं. त्यात तुम्ही चमचाभर व्हिस्की शिंपडायला निघालात! मद्यार्क उडून जाईल, पाणी राहील, आणि ठाण्याच्या हवेत महिनाभरात डबीत बुरशी धरेल.

ओल कशी बघायची? चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत दाबून गोळी करा आणि सोडा. गोळी तशीच राहिली तर ओली. हळूहळू उलगडली तर ठीक. चुरचुर आवाज आला तर जास्त वाळली. तुमची गोळी तशीच राहील यावर मी पैज लावतो. एका वेळी लागेल तेवढीच, दोन-तीन ग्रॅम, बशीत पसरा. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून अर्धा तास पुरतो. जुलैत ठाण्यात अर्धा दिवस ठेवलीत तरी ती वाळण्याऐवजी हवेतलं पाणी पिईल, तेव्हा एसीच्या खोलीत ठेवा, नाहीतर टेबलावरच्या पिवळ्या बल्बखाली वीस मिनिटं. ओव्हन किंवा तवा नको. वाळवल्याने वास कमी होईल अशी भीती वाटते, मलाही वाटायची. कमी होतो तो फवाऱ्याचा. बाकीचं उलट स्वच्छ होतं.

पाईपचं थोडक्यात. आठ महिन्यांत तुम्ही गोड वासाच्या, चेरी-व्हॅनिलाच्या तंबाखू ओढल्या असणार, सगळेच तिथून सुरू करतात. ब्रायर, म्हणजे नेहमीचे पाईप ज्याचे करतात ते लाकूड, ते वास धरून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येक तंबाखूत मिसळतं. पारखायला मी मक्याच्या कणसाचा साधा पाईप वापरतो. स्वस्त असतो, तटस्थ असतो, आणि एका प्रकाराला एक ठेवला तरी खिसा रिकामा होत नाही. पाईप क्लीनर कंजूषपणा न करता वापरा, अर्ध्यावर एकदा नळीतून फिरवा.

आता ओढणं. सिगारेटवरून आलेल्या माणसाचे दोन हात पहिले सोडवावे लागतात, म्हणजे दोन सवयी: लांब झुरका आणि धूर छातीत घेणं. पाईपचा धूर छातीत घ्यायचाच नसतो. बाउल खालून सैल, वर जरा घट्ट भरा. काडी पेटवली की तिच्या टोकाचा गंधक जळून जाऊ द्या, मग आगीचा वर्तुळाकार फेरा. पहिल्यांदा पेटलेली पात वर उचलून येईल, ती टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांड्याने, हलकेच खाली बसवा, टॅम्पर नसेल तर बोथट खिळ्याने, आणि पुन्हा पेटवा. त्यानंतर गरम चहा बशीतून ओठाला लावताना जेवढं ओढता तेवढंच ओढा. विझला? विझू द्या, पुन्हा पेटवा. पाईप विझणं म्हणजे नापास होणं नाही, माझा दर बाउलला तीन-चारदा विझतो. हीच दोन-तीन ग्रॅम तंबाखू पाऊण तास चालली पाहिजे. बाउल गालाला लावून बघा. लावून ठेवता येत नसेल इतका तापला असेल, तर खाली ठेवून पाच मिनिटं खिडकीबाहेर बघा.

चव शोधायची ती धूर सोडताना. तोंड मिटून, तोंडातल्या धुराचा अगदी थोडा भाग, समजा चौथा हिस्सा, नाकातून सावकाश सोडा. पूर्ण सोडलात तर पेरीक डोळ्यांतून पाणी काढेल. मनुका, मिरी हे सगळं तिथे भेटतं. जिभेवर मुख्यतः गोड, आंबट, कडू, खारट आणि तुरटपणाचा स्पर्श एवढंच कळतं, बाकी सगळं नाकाचं काम आहे. सर्दी झालेल्या माणसाला आंबा आणि पपई यांत फरक कळत नाही, तसं. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जिभेत खोट नाही, तिच्यावर नाकाचं ओझं टाकलंय.

आणि ओकचा म्हणाल तर तो वास म्हणून शोधू नका. तो धुरानंतर येतो. तोंड कोरडं, हिरडीला किंचित ओढ बसल्यासारखी, कच्च्या सुपारीचं खांड चघळून टाकल्यावर येते तशी. ती मिळाली तर पिपाने आपलं काम केलंय असं मी धरतो.

चवीची नावं डबीवरून घेऊ नका, ही माझी फार आग्रहाची सूचना आहे. एखाद्या डबीवर ‘प्लम’ लिहिलेलं असलं की तुम्ही प्लम शोधणार, आणि तुम्ही तो आयुष्यात दोनदा खाल्लेला. आपल्या स्वयंपाकघरातली नावं वापरा. माझ्या वहीत पेरीकपुढे लिहिलंय: जुनी चिंच, आमसूल, मिरी. जुन्या व्हर्जिनियापुढे: काकवी, वाळलेलं गवत, कधी भाजलेल्या पोळीचा पापुद्रा. बर्लीपुढे: शेंगदाण्याची टरफलं, कोको. व्हिस्कीच्या पिपातल्या एका मिश्रणापुढे मी लिहिलं होतं ‘नव्या कपाटाचा ड्रॉवर, आत विसरलेला खजूर’. दुसऱ्याला यातून काही कळणार नाही, पण मला आजही ती चव आठवते.

तुमचा दुसरा प्रश्न, थापांचा. घरच्या घरी करायची एक सोपी परीक्षा आहे. रात्री झोपताना चिमूटभर तंबाखू बशीत पसरून उघडी ठेवा. सकाळी नाक जवळ नेऊन हुंगा. शिंपडलेलं असेल ते रातोरात बरंचसं गेलेलं असेल, किंवा नुसता सिरपचा चिकट गोडवा उरेल. पिपात राहून लागलेला वास बारीक झालेला असेल, पण लाकडाचा कोरडा माग राहील. आणि पेरीकचा आंबटपणा तसाच असेल, कदाचित आता आदल्या दिवसापेक्षा स्पष्ट. शक्य झालं तर पिपात न ठेवलेलं साधं व्हर्जिनिया-पेरीक मिश्रण शेजारी दुसऱ्या बशीत ठेवा. एकट्या वस्तूची पारख होत नाही, हे प्रतवारीत पहिल्या दिवशी शिकवतात. दोन ढीग समोर असले की फरक आपणहून बोलतो.

ही परीक्षा मी का सुचवतोय तेही सांगून टाकतो. मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. निवृत्तीच्या आधीची गोष्ट, आम्ही चार सहकारी बसलो होतो, एकाने कागदात गुंडाळलेली तंबाखू दिली आणि विचारलं, ओळखा. मी हुंगली, ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: हे पीप, निदान सहा महिने, आणि बहुधा रमचं. ती साधी बर्ली होती. त्याच दुपारी त्याने ड्रॉपरने चार थेंब रम टाकून पिशवी बांधून ठेवली होती. मग कितीतरी दिवस ऑफिसात माझं नाव ‘सहा महिने’ पडलं होतं. तेव्हापासून ताज्या उघडलेल्या पिशवीवर मी मत देत नाही, रात्रभर बशीत ठेवतो.

एक इशारा. पेरीक आणि बर्ली दोन्हीत निकोटीनचा जोर आहे, आणि तो तोंडातूनही भिनतो. उपाशीपोटी बसलात तर तंबाखू लागेल. घाम फुटेल, पोटात ढवळेल. जेवणानंतर तासाभराने बसा, शेजारी साधं पाणी ठेवा आणि गुळाचा खडा असू द्या. लागल्यासारखं वाटलं की पाईप खाली ठेवून गूळ तोंडात टाका आणि आडवे व्हा.

आणि दुसरा, जो मला सांगायला आवडत नाही. ‘धूर आत घेत नाही, म्हणून पाईप निरुपद्रवी’ हे आम्ही पाईपवाले एकमेकांना सांगत आलो, ते खोटं आहे. छातीत नाही गेला तरी तोंडात राहतोच, आणि तोंडाच्या कर्करोगाला तेवढं पुरतं. सहा वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टरांनी आरसा धरून मला माझी टाळू दाखवली. पांढरी पडलेली, तिच्यावर लाल ठिपके. पाईप ओढणाऱ्यांची टाळू अशी होते म्हणाले, आणि दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं. रोजचे तीन बाउल होते, ते मी आठवड्याला एकावर आणले. तुम्ही सिगारेट सोडलीत हे चांगलं झालं. पाईप नाहीच ओढलात तर त्याहून चांगलं, आणि नुसती डबी हुंगण्यातही या तंबाखूची निम्मी मजा आहे हे मी चेष्टेने म्हणत नाही. ओढणारच असाल तर वर्षातून एकदा तरी टाळू दाखवून या.

उरलेल्या तंबाखूचं काय करायचं ते सांगतो. ती डबी एकदा उघडली की हवाबंद राहत नाही, झाकण कितीही घट्ट वाटो. रबरी कडीची काचेची बरणी घ्या, उकळत्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळवा, तंबाखू भरा, वर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि कपाटात अंधारात ठेवा. फ्रीजमध्ये नको. गणपतीनंतर, पावसाळा सरला की उघडा. तोवर फवाऱ्याचा आरडाओरडा जरा शांत झालेला असेल आणि तिन्ही पानं एकमेकांशी थोडी जुळलेली असतील. आतासाठी दोन-तीन बाउलपुरती वेगळी काढा, आणि पहिला ओढण्याआधी बशीची परीक्षा करा.

सकाळी हुंगून काय वाटलं ते कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल. फक्त हुंगायचं ते चहा आणि टूथपेस्टच्या आधी. पुदिन्याच्या पेस्टने घासलेल्या तोंडाने बशीपुढे बसलात तर व्हिस्कीचं पीपही तुम्हाला पुदिन्याचंच वाटेल.